कापडाच्या शुभ्रतेचा इतिहास

माझ्या लहानपणीं आमच्या घरीं दर आठवड्यास परीट येत असे. आई त्याला कपडे मोजून देई आणि ओसरीच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढून हिशेब ठेवी. प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्यावर त्यानें बिब्ब्याच्या रसानें आमच्या घराची खूण घातलेली असे. एक आडवी रेघ आणि तिच्याखालीं दोन ठिपके. एके दिवशीं जेवतांना वडिलांच्या धोतरावर वरणाचा डाग पडला. आईनें त्यावर साबण लावतांच तो पिवळा डाग कुंकवासारखा लाल झाला. मला वाटलें, धोतर आतां वायां गेलें. आई म्हणाली, “भिऊ नकोस, उन्हांत टाक. ऊन हळद खाऊन टाकतं.” तिसऱ्या प्रहरीं पाहतों तों डाग नाहींसा झालेला! पुढें परीट आला तेव्हां मीं त्याला विचारलें, “मामा, हळदीचा डाग नुसत्या उन्हानें जातो, मग तुमची बिब्ब्याची खूण भट्टींत घालूनहि कां जात नाहीं?” तो हंसून म्हणाला, “बाळ, हळद उन्हाला भिते. बिब्बा भट्टीलाबी भीत न्हाई.”

त्या उत्तरानें माझें समाधान झालें नाहीं. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. मोठी प्रयोगशाळा माझ्या वाट्यास कधीं आली नाहीं. परंतु रंग जातो म्हणजे काय होतें, हा प्रश्न मात्र जन्मभर माझ्या मागें लागून राहिला, आणि त्याच्या पाठोपाठ मी पुष्कळ वाचीत गेलों. त्या वाचनांतून जो इतिहास हातीं आला, तो आज थोडक्यांत आपणांस सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पांढरा कपडा म्हणजे स्वच्छ कपडा, असें आपण धरून चालतों. परंतु मळ काढणें आणि रंग घालविणें या दोन निराळ्या क्रिया आहेत. साबण मळ सोडवून पाण्याबरोबर वाहून नेतो. विरंजक द्रव्य बहुधा कांहींच वाहून नेत नाहीं. तें रंगद्रव्याला जागच्या जागीं असें बदलून टाकतें, कीं त्याचा रंग आपल्या डोळ्यांस दिसेनासा होतो. कापूस मुळांतच दुधासारखा पांढरा नसतो. त्याच्या तंतूंत पिवळसर तपकिरी अंश असतो, व त्यावर मेणचट थर असतो. अळशीच्या तागापासून केलेलें लिनन तर चांगलेंच करडें असतें. मागावरून उतरलेल्या कापडाला आपण कोरें म्हणतों, तें याच रूपाचें.

आतां रंग म्हणजे काय तें पाहूं. हळदीसारख्या रंगद्रव्याच्या रेणूंत कार्बनचे अणू एकेरी व दुहेरी बंधांनीं आलटून पालटून जोडलेले असतात, आणि ही सांखळी बरीच लांब असते. तंबोऱ्याची लांब तार खालच्या सुरांत वाजते व आंखूड तार वरच्या सुरांत वाजते, त्याप्रमाणें लांब सांखळीचा रेणू दृश्य प्रकाशांतील कांहीं किरण शोषून घेतो व उरलेले परत पाठवितो. ते परत आलेले किरण म्हणजेच आपणांस दिसणारा रंग. ही सांखळी मध्येंच तोडली, तर आंखूड झालेले तुकडे केवळ अतिनील किरण शोषूं लागतात, आणि ते किरण आपल्या डोळ्यांस मुळींच दिसत नाहींत. म्हणजे द्रव्य कापडांत असलें, तरी रंग नाहींसा होतो. रेणूंतील रंगाला कारणीभूत होणाऱ्या अशा भागास ‘क्रोमोफोर’, म्हणजे रंगवाहक, हें नांव जर्मन रसायनज्ञ ओटो विट यानें इ. स. १८७६ सालीं दिलें. आईच्या उन्हानें हळदीची हीच सांखळी तोडली होती. उलटपक्षीं, बिब्ब्याचा रस हवेंत काळा पडून धाग्यांत राळेप्रमाणें घट्ट बसतो; त्याला तोडावयाचें तर धागाच तुटेल. परटाचें उत्तर रसायनाच्या भाषेंत नव्हतें, एवढेंच. चूक मात्र नव्हतें.

हें ज्ञान फार अलीकडचें. कापड पांढरें करण्याची विद्या मात्र फार जुनी. अठराव्या शतकापर्यंत युरोपांत ती ऊन, गवत, राख व ताक या चार वस्तूंवर चालत असे. कापड प्रथम राखेच्या खारट पाण्यांत उकळीत, मग गवताच्या विस्तीर्ण कुरणांवर अंथरून त्यावर पाणी शिंपडीत, आणि तें ऊन, दंव व हवा यांच्या स्वाधीन करीत. नंतर तें आंबट ताकांत बुडवून ठेवीत, म्हणजे राहिलेला खार मारला जाई. पुन्हां राख, पुन्हां गवत, पुन्हां ताक. असे फेरे कित्येक महिने चालत. हॉलंडांतील हार्लेम हें गांव या कामांत इतकें नांवाजलेलें होतें, कीं स्कॉटलंड व जर्मनी येथून कापड तेथें पाठवीत. वसंत ऋतूंत पाठविलेलें कापड शरद ऋतूंत परत येई. इंग्रजींत एका जातीच्या उत्तम लिननला हॉलंड हेंच नांव पडलें, तें यामुळेंच.

आपल्या देशांतहि अशी केन्द्रें होतीं. सतराव्या शतकांत हिंदुस्थानांत अनेक वेळां येऊन गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये यानें लिहून ठेवलें आहे, कीं भडोचच्या नदीच्या पाण्यांत कापड शुभ्र करण्याचा विशेष गुण असल्याची ख्याति होती, आणि म्हणून मोगल राज्याच्या सर्व भागांतून तेथें कापड येई. भडोच व नवसारी यांच्या आसपास लिंबें विपुल होत, आणि लिंबाच्या पाण्यांत बुडविल्याखेरीज कापडास खरी शुभ्रता येत नाहीं, असें तो सांगतो. हार्लेमचें ताक आणि भडोचचें लिंबू यांचें काम एकच. दोन्ही अम्लें, दोन्ही राहिलेला खार मारतात. एकमेकांचीं तोंडें न पाहिलेल्या दोन देशांतील कारागिरांनीं केवळ अनुभवानें एकच युक्ति शोधून काढली होती, ही गोष्ट मला मोठी विचार करण्याजोगी वाटते.

महिनेच्या महिने कापड उघड्या कुरणांत पसरलेलें, म्हणजे चोरांची चंगळच. इंग्लंडांत अठराव्या शतकांत अशा कुरणांतून कापड चोरणाऱ्यास देहान्ताची शिक्षा सांगणारा कायदा होता. परंतु थोड्याशा कापडासाठीं माणूस फांसावर जाणार, हें कळल्यामुळें फिर्यादी फिर्याद करीत ना, आणि पंच दोषी ठरवीत ना. अखेर विरंजनाचा धंदा करणाऱ्यांनींच पार्लमेंटकडे अर्ज केला, कीं ही शिक्षा काढून टाका, म्हणजे चोरांना निदान कांहीं शिक्षा तरी होईल. सर सॅम्युएल रोमिली याच्या खटपटीनें इ. स. १८११ सालीं ती शिक्षा रद्द झाली. शुभ्र कापडाच्या इतिहासाचें हें एक काळें पान आहे.

या संथ विद्येला पहिली गति मिळाली ती गंधकाम्लामुळें. बर्मिंगहॅम येथें जॉन रोबक यानें इ. स. १७४६ सालीं शिशाच्या पत्र्यांच्या मोठ्या कोठ्यांत गंधकाम्ल तयार करण्यास आरंभ केला, व जें अम्ल पूर्वीं कांचेच्या भांड्यांतून थोडथोडें निघे, तें आतां स्वस्त व मुबलक झालें. एडिंबरोचा वैद्य फ्रान्सिस होम यानें १७५६ सालीं विरंजनाच्या प्रयोगांवर पुस्तक लिहून दाखवून दिलें, कीं ताकाऐवजीं पुष्कळ पाणी घातलेलें गंधकाम्ल वापरावें. ताकाला ज्या कामास आठवडे लागत, तें काम या अम्लानें एका दिवसाच्या आंत होऊं लागलें. ताक वांचलें, वेळ वांचला. तथापि उन्हाचें काम उन्हालाच करावें लागे. आणि नेमक्या याच काळांत इंग्लंडांत सूत कातण्याचीं यंत्रें निघालीं. कापडाचे ढीग पडूं लागले. तें पसरावयाला कुरणें कोठून आणावयाचीं?

या प्रश्नाचें उत्तर एका औषध विकणाऱ्याच्या दुकानांतून आलें. स्वीडनमधील कार्ल विल्हेल्म शील हा गरीब, अबोल, परंतु विलक्षण बुद्धीचा मनुष्य होता. त्यानें इ. स. १७७४ सालीं मँगॅनीजच्या काळ्या खनिजावर मिठाचें अम्ल, म्हणजे हायड्रोक्लोरिक अम्ल, ओतलें. त्यांतून हिरवट पिवळा, गुदमरविणारा वायु निघाला. शीलनें त्यांत लिटमसचा कागद धरला. तो जवळजवळ पांढरा झाला. तांबडीं, निळीं, पिवळीं फुलें धरलीं. तींहि पांढरीं पडलीं. पुढें त्यांवर अम्ल घालून पाहिलें, खार घालून पाहिला. गेलेला रंग परत आला नाहीं. शीलनें हें सर्व नोंदून ठेविलें व तो दुसऱ्या शोधांकडे वळला. कापडाचा विचार त्याच्या मनांत आला नाहीं. १७८६ सालीं अवघ्या ४३ व्या वर्षीं तो वारला.

कापडाचा विचार आला तो क्लोद लुई बर्थोले या फ्रेंच रसायनज्ञाच्या मनांत, आणि तें स्वाभाविक होतें. कारण फ्रेंच सरकारनें त्याला १७८४ सालीं रंगाईच्या कामावर देखरेख करण्यास नेमलें होतें. त्यानें १७८५ सालीं या वायूचे प्रयोग पॅरिसच्या विज्ञानसभेपुढें मांडले. वायु पाण्यांत विरघळवून त्यांत कापड बुडवावें, म्हणजे महिन्यांचें काम तासांत होतें, असें त्यानें दाखविलें. बर्थोलेनें या शोधाचा मक्ता घेतला नाहीं. जो येईल त्याला तो मोकळेपणानें दाखवी. १७८६ च्या हिंवाळ्यांत वाफेच्या यंत्रामुळें प्रसिद्ध झालेला जेम्स वॅट पॅरिसला गेला, त्यालाहि बर्थोलेनें तो दाखविला. वॅटचा सासरा ग्लासगोजवळ विरंजनाचाच धंदा करीत असे. जांवयानें पॅरिसहून ही विद्या सासऱ्याच्या घरीं नेली, आणि अशा रीतीनें ती ब्रिटनमध्यें शिरली. हा वायु म्हणजे एखादें संयुग नसून स्वतंत्र मूलतत्त्व आहे, हें हम्फ्री डेव्ही यानें १८१० सालीं ठरविलें, व फिक्कट हिरवा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचें नांव क्लोरिन ठेविलें.

आतां हा क्लोरिन करतो काय? येथें एक लहानसा प्रयोग सांगतों. कोरड्या क्लोरिन वायूंत अगदीं कोरडें रंगीत फडकें धरलें, तर त्याचा रंग जात नाहीं. तेंच फडकें ओलें करून धरलें, कीं रंग भराभर उडतो. म्हणजे काम एकट्या क्लोरिनचें नव्हे. क्लोरिन व पाणी मिळून दोन अम्लें होतात. एक नेहमींचें हायड्रोक्लोरिक व दुसरें हायपोक्लोरस. हें दुसरें अम्ल रंगद्रव्याच्या दुहेरी बंधांवर तुटून पडतें व त्याची सांखळी मोडतें. आम्हांला शाळेंत असें शिकविलें होतें, कीं या अम्लांतून ताजा प्राणवायु सुटतो व तो रंग जाळतो. आणि मींहि पुष्कळ वर्षें मुलांना तेंच सांगितलें. तें पुरतेपणीं बरोबर नव्हतें. प्राणवायु सुटण्याची वाट न पाहतां तें अम्ल स्वतःच काम करतें. या प्रकारास ऑक्सिडीकरण म्हणतात. त्याचा दोष एवढाच, कीं त्याला रंग कोठें संपतो व धागा कोठें सुरू होतो हें कळत नाहीं. अधिक वेळ राहिलें, तर कापसाचा तंतूहि तें खातें. आणि रेशीम व लोंकर यांना तर तें मुळींच सोसत नाहीं.

क्लोरिनचें पाणी कामगारांना गुदमरवी, कापड जाळी, आणि दूरच्या गांवीं नेतां येत नसे. पॅरिसजवळ जाव्हेल येथील कारखानदारांनीं हा वायु पोटॅशच्या पाण्यांत शोषून घेऊन एक द्रव काढला. तो ‘जाव्हेलचें पाणी’ म्हणून अजूनहि फ्रान्समध्यें घरोघर प्रसिद्ध आहे. परंतु पोटॅश महाग. स्कॉटलंडांतील चार्लस टेनंट या विरंजन करणाऱ्यानें पोटॅशच्या जागीं चुना घातला. १७९८ सालीं त्यानें चुन्याच्या द्रवाचा मक्ता मिळविला. तो पुढें न्यायालयांत टिकला नाहीं. परंतु १७९९ सालीं त्यानें त्याहून मोठी गोष्ट केली. विझविलेल्या चुन्याच्या कोरड्या पुडीवर क्लोरिन सोडून त्यानें विरंजक चूर्ण तयार केलें. वायूला जणूं पिंपांत भरून बाजारांत पाठविण्याची सोय झाली! पहिल्या वर्षीं ग्लासगो येथील त्याच्या कारखान्यांत ५२ टन चूर्ण निघालें, व टनाला १४० पौंड भाव होता. पुढें भाव उतरत गेला व खप वाढत गेला. कुरणें मोकळीं झालीं, आणि हिंवाळ्यांतहि कापड पांढरें होऊं लागलें. एकोणिसाव्या शतकांत विलायती मांजरपाट व मलमल आपल्या बाजारांत ज्या स्वस्ताईनें येऊन पडली, तिचीं कारणें अनेक आहेत; यंत्रें आहेत, राजसत्ता आहे, जकाती आहेत. परंतु त्या स्वस्ताईंत या पांढऱ्या पुडीचाहि वांटा होता. भडोचच्या लिंबांनीं तिच्याशीं टक्कर कशी द्यावी?

या शुभ्रतेची किंमत कोणीं दिली, हेंहि सांगितलें पाहिजे. टेनंटच्या कारखान्याच्या धुरानें ग्लासगोचे लोक इतके हैराण झाले, कीं १८४२ सालीं सुमारें ४३५ फूट उंचीचें धुराडें उभारावें लागलें. परंतु कारखान्याच्या आंत जे लोक होते, त्यांना धुराड्याचा काय उपयोग? चूर्ण पिंपांत भरणारे कामगार तोंडानाकावर फ्लॅनेलचे अनेक पदर घट्ट बांधून कोठ्यांत शिरत. त्यांतूनच श्वास घ्यावयाचा व बाहेर सोडावयाचा. त्यांचे दांत, डोळे व फुफ्फुसें अकालीं निकामी होत. रॉबर्ट शेरार्ड नांवाच्या लेखकानें १८९७ सालीं इंग्लंडांतील अशा कामगारांवर एक पुस्तक लिहिलें. त्याच्या नांवाचा अर्थ ‘इंग्लंडचे गोरे गुलाम’ असा आहे. दुसऱ्यांचे सदरे पांढरे करण्यासाठीं हीं माणसें झिजलीं.

क्लोरिनचा स्वभावच असा दुहेरी आहे. १८४७ सालीं व्हिएन्ना येथील रुग्णालयांत बाळंतिणी तापानें पटापट मरत. तेथील तरुण डॉक्टर सेमेलवाइस यानें असा नियम केला, कीं शवविच्छेदन करून येणाऱ्या प्रत्येकानें क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यांत हात धुतल्याखेरीज बाळंतिणीस हात लावूं नये. एप्रिल महिन्यांत शेंकडा १८ असलेलें मृत्यूंचें प्रमाण जून महिन्यांत शेंकडा २ च्या आसपास आलें. आज आपल्या खेड्यांत ग्रामपंचायती टीसीएल म्हणून जी पावडर पाण्यांत घालतात, ती याच टेनंटच्या चूर्णाची वंशज. ज्या रसायनानें कापडाचा रंग मोडतो, त्यानेंच पटकीचे जंतु मरतात. परंतु २२ एप्रिल १९१५ रोजीं बेल्जममधील ईप्र येथें जर्मन सैन्यानें हाच हिरवट वायु नळकांड्यांतून वाऱ्यावर सोडला, आणि खंदकांतील हजारों सैनिक गुदमरले. शीलच्या दुकानांत फुलें पांढरीं करणारा वायु तो हाच.

रंग घालविण्याचा दुसरा मार्ग याच्या उलट आहे. त्यांत रंगद्रव्यावर प्राणवायु न लादतां त्याचा प्राणवायु काढून घेतात, किंवा त्याला हायड्रोजन देतात. यास क्षपण म्हणतात. गंधक जाळून त्याच्या धुरींत लोंकर पांढरी करण्याची रीत प्राचीन रोमन लोकांस ठाऊक होती. पहिल्या शतकांतील प्लिनी या ग्रंथकारानें ती वर्णिली आहे. ही धुरी म्हणजे सल्फर डायॉक्साइड वायु. लोंकर, रेशीम, गवताच्या टोप्या, अशा नाजूक वस्तूंना ती मानवते. आपल्या महाराष्ट्रांतील साखर-कारखान्यांत उसाच्या रसांत चुन्याबरोबर हाच वायु सोडतात, व त्यामुळें साखर पांढरी निघते.

परंतु या मार्गानें गेलेला रंग पुष्कळदां परत येतो. कारण येथें सांखळी मोडलेली नसते, केवळ तिचें रूप बदललेलें असतें. हवेंतील प्राणवायु लागला, कीं ती पूर्ववत् होऊं लागते. याचें उत्तम उदाहरण आपल्या निळारी लोकांच्या पिंपांत पाहावें. नीळ पाण्यांत विरघळत नाहीं. पिंपांतील आंबलेल्या द्रवांत तिचें क्षपण होऊन ती फिक्कट पिवळसर होते व खारट पाण्यांत विरघळते. त्यांत बुडविलेलें कापड बाहेर काढलें, कीं डोळ्यांदेखत हिरवें व मग निळें होत जातें. रंग गेला नव्हता, लपला होता. गुळाचेंहि असेंच आहे. गुऱ्हाळांत काहिलींतील रसाची मळी काढण्यासाठीं भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालण्याची जुनी रीत आहे. पुढें बाजारांत पिवळाधमक गूळ अधिक भावानें खपूं लागला, तेव्हां कित्येकांनीं सोडियम हायड्रोसल्फाइट, म्हणजे गुऱ्हाळवाल्यांच्या भाषेंत हायड्रॉस, घालण्यास आरंभ केला. गूळ पिवळा होतो खरा. पण सांठवणींत तो पुन्हां काळवंडूं लागतो, आणि गंधकाचा अंश मात्र आपल्या पोटांत जातो. पिवळा गूळ चांगला, असें म्हणणारे आपणच. तेव्हां दोष एकट्या गुऱ्हाळवाल्याच्या माथीं कसा मारावा?

तिसरें द्रव्य हायड्रोजन पेरॉक्साइड. तेनार या फ्रेंच रसायनज्ञानें तें १८१८ सालीं शोधून काढलें. तेंहि ऑक्सिडीकरणच करतें, परंतु क्लोरिनपेक्षां सौम्यपणें; आणि काम झाल्यावर त्याचें पाणी व प्राणवायु एवढेंच उरतें. आज कापसाच्या कापडाचें विरंजन मुख्यतः त्यानेंच करतात. क्लोरिनच्या वापरानें कागद-कारखान्यांच्या सांडपाण्यांत डायॉक्सिन नांवाचीं विषारी द्रव्यें उतरतात, हें १९८० नंतरच्या दशकांत उघडकीस आल्यापासून कागदाच्या धंद्यांतहि शुद्ध क्लोरिन वायु मागें पडला.

शेवटीं एक युक्ति अशी, कीं तींत रंग घालवीतच नाहींत, डोळ्यांची समजूत घालतात. पिवळसर झालेल्या कपड्याला आपण नीळ देतों. निळ्यामुळें पिवळेपणा झांकतो व कपडा पांढरा भासतो. वस्तुतः तो किंचित् अधिक काळा झालेला असतो! १९२९ सालीं पॉल क्रैस या जर्मन रसायनज्ञानें दाखविलें, कीं हॉर्स चेस्टनटच्या सालींतील एका द्रव्यांत कापड बुडविलें असतां तें अतिनील किरण शोषून घेऊन निळसर प्रकाश बाहेर टाकतें. आजच्या धुण्याच्या पावडरींत याच तत्त्वावरचीं कृत्रिम द्रव्यें असतात. जाहिरातींतील झगझगीत शुभ्रता ती हीच. डाग गेला असेल वा नसेल. कापड मात्र चकाकतें.

श्रोतेहो, आतां एक गोष्ट सांगावयाची राहिली आहे, आणि खरें म्हटलें तर तिच्यासाठींच मी आज हा विषय घेतला. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं मी नोकरींत नवा होतों. शाळेची तपासणी व्हावयाची होती. आमच्या शाळेंत एक वयस्क शिपाई होते. आम्ही त्यांना दादा म्हणत असूं. मीं त्यांच्या हातीं विरंजक चूर्णाचा डबा दिला व मुताऱ्या पांढऱ्याशुभ्र करून ठेवण्यास सांगितलें. त्यांनीं चूर्ण टाकून घांसलें. पिवळे डाग गेले नाहींत. तेव्हां त्यांनीं कोठींतली ॲसिडची बाटली आणून त्याच चूर्णावर ओतली. मी वर्गांत होतों. खोकल्याचा भयंकर आवाज ऐकून धांवत गेलों, तों दादा दाराशीं कोसळलेले, आणि आंत तो हिरवट वायु भरलेला. आम्हीं त्यांना उचलून मैदानांत मोकळ्या हवेंत आणलें, मग दवाखान्यांत नेलें. ते वांचले, पण त्यांचा खोकला पुढें कित्येक महिने गेला नाहीं.

मीं त्याच आठवड्यांत सातवीच्या मुलांना फळ्यावर लिहून दिलें होतें, कीं विरंजक चूर्णावर अम्ल घातलें असतां क्लोरिन वायु सुटतो. मुलांनीं तें वाक्य पाठहि केलें होतें. मी दादांना भेटावयास गेलों, तेव्हां त्यांना हें सांगून क्षमा मागितली. ते रागावले नाहींत. एवढेंच म्हणाले, “गुरुजी, पोरांना सांगितलंत, मला सांगायचं राहिलं.”

तें वाक्य मी विसरलों नाहीं. म्हणून आज जे जे ऐकत असतील त्यांना सांगतों, व त्यांनीं आपल्या घरीं धुणेंभांडीं करणाऱ्या बाईस, सफाई करणाऱ्या माणसास आठवणीनें सांगावें: विरंजक चूर्ण अथवा कपडे पांढरे करण्याचा क्लोरिनचा द्रव आणि ॲसिड हीं कधींहि एकत्र करूं नयेत. त्यांत व्हिनेगर वा लिंबाचा रसहि घालूं नये. अमोनियाबरोबर तो द्रव मिसळला, तर तितकाच घातक वायु निघतो. काम करतांना दारें-खिडक्या उघड्या असाव्यात. डोळ्यांत झणझण होतांच सर्व सोडून बाहेर यावें.

आमच्या परटाच्याच जातींत १८७६ सालीं गाडगे महाराजांचा जन्म झाला. त्यांच्या अंगावर कधीं शुभ्र वस्त्र नसे, चिंध्यांची गोधडी असे. आणि त्यांच्या खराट्यानें गांवेंच्या गांवें स्वच्छ झालीं. स्वच्छता आणि शुभ्रता यांतील अंतर त्यांच्याइतकें स्पष्ट करून मला कोणी दाखविलें नाहीं. शुभ्रता आपणांस हवीहवीशी वाटते, आणि त्यांत वावगें असें कांहीं नाहीं. मात्र ती कोणत्या उपायानें आली व त्या कामीं कोणाचा श्वास कोंडला, एवढें विचारण्याची संवय आपण लावून घेतली पाहिजे.

वडिलांचें तें धोतर पुढें झिजून गेलें. त्याचा एक तुकडा आईनें गाठोडें बांधावयास ठेविला होता, तो माझ्यापाशीं आहे. वरणाच्या डागाचा मागमूसहि त्यावर नाहीं. कोपऱ्यावरची रेघ आणि दोन ठिपके मात्र जसेच्या तसे आहेत.